जुन्या ठकाचा कायदा

इथे अमेरिकेत, आमच्या गावची टाऊन मीटिंग दरवर्षी मे महिन्यात हायस्कूलच्या सभागृहात भरते. सातला सुरू होते. संपते कधी, ते सभा चालवणाऱ्या मॉडरेटरलाही सांगता यायचं नाही. यंदा मी साडेसहालाच जाऊन बसले, कारण विषयपत्रिकेवरचा नववा विषय माझा होता. माझा म्हणजे मी मांडलेला नव्हे, वाचनालयाचा. पण गेली अकरा वर्षं माझ्या शनिवारच्या सकाळी तिथेच जातात, तेव्हा माझाच.

दाराशी टाऊन क्लार्कच्या कचेरीतल्या बायका आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे टेबलं मांडून बसतात. यादीत नाव सापडलं की खूण करतात आणि हातात एक पिवळं कार्ड देतात. तेच तुमचं मत. मतदार नसलेल्यांसाठी बाजूला वेगळ्या खुर्च्या. नागरिकत्व मिळण्याआधी नवरा आणि मी दोन वर्षं त्या खुर्च्यांवर बसलो होतो, लग्नघरात आगंतुक बसतात तसे. बाहेर बारावीची पोरं सहलीच्या पैशांसाठी ब्राउनी आणि कॉफी विकतात. अकरापर्यंत बसायची तयारी असेल तर ब्राउनी दोन घ्याव्यात, हा अनुभवाचा सल्ला.

नगरकडच्यांना कळावं म्हणून सांगते, ही ग्रामसभाच. आमच्या गावाला महापौर नाही, नगरसेवक नाहीत. बर्फ उपसायला किती, अग्निशमनाच्या नव्या बंबाला किती, शाळेला किती, हे त्या रात्री जो मतदार येईल तो ठरवतो. माझे वडील नगर जिल्ह्यात ग्रामसेवक होते. त्यांच्या नोकरीतल्या बऱ्याचशा ग्रामसभा रजिस्टरातच भरल्या. सह्या दुसऱ्या दिवशी शिपाई घरोघर फिरून आणायचा. हिवरे बाजार आपल्याच जिल्ह्यात आहे हे खरं, पण त्याची बातमी होते ती ते वेगळं आहे म्हणूनच. इथे पहिल्याच वर्षी मी पाहिलं, की ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत माइकपाशी गेले आणि बंबाच्या किमतीतले चार हजार डॉलर कसले, म्हणून त्यांनी अग्निशमन प्रमुखाला वीस मिनिटं उभं धरलं. कुणी त्यांना खाली बसवलं नाही. मला आधी कंटाळा आला, मग हेवा वाटला.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता. दादा नगरला असतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून सगळे नगरच म्हणतात, जिभेचं वळण.) त्याला नुकतंच कुणीतरी काहीतरी पाठवलं होतं. म्हणाला, "तुमची अमेरिका धर्मावर उभी राहिली म्हणून पुढे गेली. नोटेवरसुद्धा देवाचं नाव छापतात. आपण मात्र लाजतो."

"नोटेवर देव १९५७ साली आला रे. तोवर श्रीमंती येऊन बसली होती."

"नोट जाऊ दे. पायाचं बोल."

पायाचं बोलायचं तर १७८७ च्या राज्यघटनेत सरकारी पदासाठी धर्माची कसलीही परीक्षा घेऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, हेही मी त्याला ऐकवलं. तो गप्प बसला, आणि मला मात्र रात्री चुकल्यासारखं वाटत राहिलं. कारण मी राहते त्या मॅसॅच्युसेट्सचा पाया खरोखर धर्माचा आहे. तो मला रोज दिसतो. फक्त दादाला वाटतो तशा जागी नाही.

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ माणसं आली आणि प्लिमथला वसली. पहिल्या हिवाळ्यात त्यांतली जवळजवळ निम्मी गेली. दहा वर्षांनी, १६३० मध्ये, जॉन विन्थ्रॉप यांच्याबरोबर प्युरिटनांचा त्याहून मोठा आणि जास्त शिकलेला जथा आला आणि बोस्टनला वसला. इंग्लंडच्या चर्चमध्ये अजून फार सोवळं-ओवळं शिल्लक आहे, ते धुऊन काढायला हवं, असं म्हणणारी ही मंडळी. त्या प्रवासाशी जोडलेलं विन्थ्रॉपचं एक प्रवचन आहे, त्यात 'टेकडीवरचं नगर' असे शब्द येतात. अमेरिकेच्या थोरवीबद्दल बोलताना पुढारी हटकून तेच काढतात. केनेडींनी १९६१ मध्ये काढले, रेगन यांनी त्यांना 'चमकतं' हे विशेषण जोडलं. पण मूळ प्रवचन वाचलं की फुशारकी कुठेच सापडत नाही. ते घाबरलेल्या माणसाचं बोलणं आहे. सगळ्यांचे डोळे आपल्यावर असतील; देवाशी खोटं वागलो तर जगभर आपलं नाव म्हणीत जाईल. आणि बाकीचा मोठा भाग कशाबद्दल आहे, तर गरजूला उसनं कसं द्यावं आणि परत येत नसेल तर कसं सोडून द्यावं, याबद्दल. गंमत म्हणजे हे प्रवचन पहिल्यांदा छापलं गेलं १८३८ साली. दोनशे वर्षं जे कुणाच्या फारसं ध्यानीमनी नव्हतं, त्यावर देश उभा राहिला असं कसं म्हणायचं?

मला पाया सापडला तो एका कायद्यात. १६४७ चा, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचा. त्याची सुरुवात अशी, की लोकांना धर्मग्रंथाच्या ज्ञानापासून दूर ठेवणं हा त्या जुन्या ठकाचा, सैतानाचा, एक मुख्य डाव आहे. पूर्वी त्याने ग्रंथ लोकांना न कळणाऱ्या भाषेत कोंडून ठेवला. म्हणून, पन्नास घरं असलेल्या प्रत्येक गावाने मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा माणूस नेमावा. शंभर घरं झाली की मुलांना विद्यापीठासाठी तयार करणारी शाळा काढावी. नाही काढली तर वर्षाला पाच पौंड दंड. मास्तरांचा पगार पालकांनी द्यायचा, नाहीतर सगळ्या गावाने.

हे वाचलं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कँटीनमध्ये होते आणि एकटीच हसले. शाळा सैतानाच्या भीतीने! नोकरीसाठी नाही, देशासाठी नाही. प्रत्येक माणसाने ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी वाचला पाहिजे, मध्ये पुरोहित नको, हा त्यांचा हट्ट. आणि वाचायचं तर आधी अक्षर ओळखायला हवं. एवढ्या एका हट्टापायी रानावनातल्या पन्नास घरांच्या वस्तीवर मास्तर नेमायची सक्ती. हार्वर्ड तर त्याच्याही आधीचं, १६३६ चं. चर्चला अडाणी पाद्री मिळू नयेत या धास्तीतून निघालेलं. छापखाना १६३८ मध्ये आला. पोटाला नीट मिळायला लागून किती दिवस झाले होते त्यांना?

आता यात सगळं गोड नाही. काही गावांनी हिशेब केला आणि मास्तरापेक्षा दंड स्वस्त पडतो म्हणून दंड भरला. (हे वाचून मात्र वडिलांची आठवण आली. माणसं सगळीकडे सारखीच.) मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही, वाचन धर्मासाठी, लेखन व्यवहारासाठी, आणि व्यवहार बाईचा नव्हे. त्यामुळे बायबल घडाघडा वाचणारी बाई कागदावर सहीच्या जागी फुली मारायची.

आणि 'न कळणाऱ्या भाषेत कोंडून ठेवलं' हे वाचल्यावर नगरच्या माणसाला नेवासं आठवणारच. शाळेच्या सहलीत पैस खांबाला हात लावून आलेले आम्ही. ज्ञानेश्वरांनी तिथे संस्कृताचं कुलूप काढलं ते शके १२१२ मध्ये, म्हणजे या प्युरिटनांच्या साडेतीनशे वर्षं आधी. मग आपल्याकडे पन्नास घरांमागे मास्तर का नाही आला? मी यावर बराच विचार केलाय, आणि माझं उत्तर कदाचित कच्चं असेल. आपल्याकडे ग्रंथ कानाला मिळाला. कीर्तन, पारायण, वारी. एकाने वाचायचं, शंभरांनी ऐकायचं. माझ्या पणजीला शंभर अभंग पाठ होते आणि अंगठा उठवायची ती. तिचं काही अडलं नाही, देवाच्या बाबतीत तरी. यांनी ग्रंथ डोळ्यांना दिला आणि तोही एकेकट्याच्या. ऐकणाऱ्याला शाळा लागत नाही, वाचणाऱ्याला लागते.

दुसरा हट्ट त्यांच्या देवळाच्या व्यवस्थेत होता. वर बिशप नको. प्रत्येक गावची मंडळी आपला पाद्री आपण निवडणार, पटला नाही तर काढणार. इमारतीला ते चर्च म्हणतच नसत, मीटिंगहाऊस म्हणत. चर्च म्हणजे माणसं. बोस्टनच्या दक्षिणेला हिंगम नावाच्या गावात १६८१ सालचं एक मीटिंगहाऊस अजून उभं आहे आणि वापरात आहे. आत गेलं की छताच्या तुळया उलट्या ठेवलेल्या जहाजासारख्या दिसतात. मूर्ती नाही, चित्र नाही. रविवारी प्रवचन आणि त्याच बाकांवर गावाचा कारभार: कुंपणं, डुकरं, रस्ता, मास्तरचा पगार. आमच्या हायस्कूलमधल्या त्या पिवळ्या कार्डाचं माहेर हे.

तेव्हा कार्ड सगळ्यांना नव्हतं हे सांगायलाच हवं. १६३१ पासून वसाहतीच्या कारभारात मत फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. आणि बाकावर कोण कुठे बसणार हे वय, पैसा, मान पाहून एक समिती ठरवायची. त्यावरून होणारे रुसवेफुगवे आपल्या पंगतीतल्यासारखेच.

पण खरी अडचण निराळी होती. प्रत्येकाने स्वतः वाचावं म्हटलं, की कुणीतरी वेगळं वाचणार. अ‍ॅन हचिन्सन घरी बायकांना जमवून रविवारच्या प्रवचनाची चिरफाड करायच्या. १६३७ मध्ये खटला भरून त्यांना हद्दपार केलं. रॉजर विल्यम्स म्हणाले की सरकारने कुणाच्या धर्मात पडू नये, आणि इथल्या मूळ रहिवाशांची जमीन राजाच्या कागदावर आपली होत नाही. तेही हद्दपार, त्यांनी जाऊन प्रॉव्हिडन्स वसवलं. मेरी डायर क्वेकर पंथात गेल्या, बंदी मोडून पुन्हा पुन्हा बोस्टनला आल्या, त्यांना १६६० मध्ये फाशी. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, कारण बायबलात २५ डिसेंबर लिहिलेला नाही. हा कायदा १६५९ ते १६८१ बावीस वर्षं होता. आज स्टेट हाऊससमोर, म्हणजे राज्याच्या विधानभवनासमोर, हचिन्सन आणि डायर दोघींचे पुतळे आहेत. ज्या सरकारने हाकललं त्याच्याच दाराशी. मी पाहुण्यांना बोस्टन दाखवायला नेते तेव्हा तिथे हमखास थांबते. पाहुण्यांना त्यात रस नसतो, त्यांना हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट घासायचा असतो.

आणि जी माणसं आधीपासून इथे होती, ती? मेफ्लॉवर येण्याच्या आधीच, १६१६ ते १६१९ मध्ये, युरोपियनांकडून आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली होती. प्लिमथ वसलं ते अशाच एका ओस गावच्या जागेवर. आमच्या शेजारच्या ग्राफ्टनचं जुनं नाव हॅसनामेसिट. तिथला निपमक जमातीचा एक मुलगा केंब्रिजच्या छापखान्यात उमेदवारीला लागला, त्याचं नावच जेम्स प्रिंटर पडलं. जॉन एलियट या पाद्र्याने इथल्या लोकांच्या भाषेत बायबल आणलं ते १६६३ मध्ये छापून झालं. सबंध अमेरिका खंडात छापलेलं पहिलं बायबल इंग्रजी नव्हे, हे आहे, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत हा जेम्स होता. बारा वर्षांनी वसाहतवाल्यांचं आणि मूळ जमातींचं युद्ध पेटलं तेव्हा ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांनाही बोस्टनच्या बंदरातल्या डिअर बेटावर नेऊन टाकलं. हिवाळ्यात, उघड्यावर. भुकेने आणि थंडीने कितीतरी मेले. लोगन विमानतळावर उतरताना खिडकीतून समुद्रात अंड्यांच्या आकाराच्या प्रचंड टाक्या दिसतात ना, ते सांडपाण्याचं केंद्र आहे, तेच डिअर बेट. भारतातून परत येताना दर वेळी मला त्या दिसतात आणि मी नवऱ्याला दर वेळी हेच सांगते. तो आता माझ्याआधी सांगतो.

त्या बायबलची पुढची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. ती भाषा बोलणारं शंभराहून जास्त वर्षं कुणी उरलं नव्हतं. वॅम्पानोआग जमातीच्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९० च्या दशकात ती परत उभी करायला घेतली, एमआयटीत जाऊन भाषाशास्त्र शिकल्या, आणि शब्द-व्याकरणाचा मोठा आधार कशाचा, तर त्या १६६३ च्या बायबलचा आणि त्यांच्या पूर्वजांनी त्या लिपीत स्वतः लिहिलेल्या कागदपत्रांचा. त्यांची मुलगी लहानपणापासून ती भाषा बोलत वाढली. धर्म बदलायला दिलेलं अक्षर आपली जीभ परत मिळवायला वापरलं.

श्रीमंतीचं म्हणाल तर तिचा झरा फक्त शाळेत नव्हता, हे दादाला मी फोनवरच सांगितलं. स्टेट हाऊसच्या सभागृहात लाकडी कॉड मासा टांगलेला आहे, त्याला 'पवित्र कॉड' म्हणतात. चांगला खारवलेला मासा युरोपला जायचा, आणि टाकाऊ माल कॅरिबियन बेटांवर, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना खायला. तिकडून मळी यायची, तिची रम व्हायची. गुलामगिरीला कायद्यात जागा देणाऱ्या वसाहतींत मॅसॅच्युसेट्स पहिलं, १६४१ मध्येच. हे सगळं बायबल वाचणाऱ्या माणसांनीच केलं.

मग टिकलं काय? मला एक गोष्ट फार आवडते. १७७८ मध्ये इथल्या एका गावाने बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सन्मानार्थ आपलं नाव फ्रँकलिन ठेवलं, आणि मीटिंगहाऊससाठी एक घंटा द्याल का, असं त्यांना सुचवलं. फ्रँकलिननी घंटेऐवजी पुस्तकं पाठवली, ११६. आवाजापेक्षा अक्कल बरी, असा त्यांचा शेरा. पुस्तकं आल्यावर गावात भांडण लागलं: वाचायला द्यायची कुणाला, चर्चच्या सभासदांना की सगळ्यांना? १७९० च्या टाऊन मीटिंगमध्ये ठरलं, सगळ्या गावकऱ्यांना, फुकट. आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे फ्रँकलिन. ती पुस्तकं तिथल्या वाचनालयात काचेआड ठेवलेली आहेत. मी लेकीला घेऊन गेले होते. ती म्हणाली, "यात वाचण्यासारखं काय आहे?" बरोबर आहे, बरीचशी धर्माचीच आहेत.

त्याच गावात १७९६ मध्ये होरेस मान जन्मले, ती पुस्तकं वाचत वाढले. त्यांचा भाऊ एका रविवारी चर्च चुकवून पोहायला गेला आणि बुडाला. गावच्या कडक पाद्र्याने त्या मरणाचा उपयोग तरुणांना नरकाची भीती घालायला केला, तेही आई समोर बसलेली असताना. होरेस मान यांचं त्या देवाशी तिथेच बिनसलं. हाच माणूस १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा पहिला सचिव झाला. शिक्षक घडवणारी देशातली पहिली सरकारी शाळा १८३९ मध्ये, सक्तीच्या शिक्षणाचा देशातला पहिला कायदा १८५२ मध्ये, दोन्ही इथलेच. सैतान वगळला, शाळा ठेवली.

कर्मठांना हे उदार वारं सोसलं नाही. हार्वर्डमध्ये १८०५ मध्ये धर्मशास्त्राच्या मुख्य जागेवर उदारमतवादी माणूस बसला, तेव्हा कर्मठांनी अँडोव्हरला आपली वेगळी पाठशाळा काढली. तिथल्या काही विद्यार्थ्यांच्या आग्रहातून १८१० मध्ये परदेशी धर्मप्रचारासाठी अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली, आणि त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट वर्षभराने कुठे उतरले? मुंबईत. आणि १८३१ पासून त्यांचं ठाणं कुठे? नगरला. हे वाचताना मला अंगणातली विहीर घरातच निघाल्यासारखं झालं. आमच्या नगरमधला 'अमेरिकन मिशन' हा शब्द मी लहानपणापासून रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापलीकडे कधी वापरला नव्हता.

त्या बोर्डाने १८२७ मध्ये सिंथिया फरार नावाच्या एका अविवाहित बाईंना पाठवलं. शेजारच्या न्यू हॅम्पशायरच्या. आधी मुंबई, मग १८३९ पासून नगर, आणि १८६२ मध्ये त्या नगरलाच वारल्या. मुलींच्या शाळा हे त्यांचं काम. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला मित्राकडे आले होते, तेव्हा त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. पुण्याला परतून त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. फुले काही ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनीही होरेस मान यांच्यासारखंच केलं, शाळा घेतली आणि बाकीचं तिथेच ठेवलं. जुन्या ठकाविरुद्धचा कायदा दोनशे वर्षांनी भिडेवाड्यात अशा वाटेने पोचला. एकट्या याच वाटेने पोचला असं मी म्हणत नाही, पुण्यात स्वतःची आगही पुरेशी होती.

माझी आज्जी नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकली. शाळेतून आली की आधी मागच्या दाराने न्हाणीघरात, अंघोळ, कपडे बदलायचे, मगच स्वयंपाकघरात पाऊल. चार वर्षं रोज. तिच्या वडिलांना बाटण्याची भीतीही होती आणि पोरीने वाचावं ही हौसही. दोन्हींवर अंघोळ हा तोडगा. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या आळीत वाचता येणारी सून ती एकटी. आळीतल्या बायकांची माहेरची पत्रं आमच्या ओट्यावर वाचली जात. जात्यावर ती एक अभंगाच्या चालीतलं भजन म्हणायची; सासूबाई कौतुकाने म्हणत, तुकोबाचं दिसतंय. येशूचं होतं. आज्जीने अखेरपर्यंत ते कुणाला सांगितलं नाही, मला सांगितलं ते मी चौथीत असताना, कुणाला सांगू नकोस म्हणून. आता सगळ्यांना सांगतेय.

टाऊन मीटिंगमध्ये नववा विषय यायला सव्वादहा वाजले. प्रश्न असा होता: इथे गावाची करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची तर लोकांचं वेगळं मतदान लागतं, १९८० पासूनचा नियम. खर्च त्याहून वेगाने वाढलाय. तेव्हा वाचनालयाचा शनिवार आणि शाळेतले काही शिक्षक ठेवायचे असतील, तर जादा कर मंजूर करा. मी माइकपाशी गेले. दोन मिनिटं मिळतात. नाव आणि रस्ता सांगायचा, मग बोलायचं. पाय थरथरत होते आणि इंग्रजी शब्द ऐन वेळी मराठीसारखे फुटत होते. मी एवढंच म्हणाले, की माझी आज्जी भारतात वाचायला शिकली ती तुमच्या इथून गेलेल्या मंडळींनी काढलेल्या शाळेत, तेव्हा ते पैसे इथल्या गावागावांतून जमले होते. शनिवारी वाचनालय उघडं ठेवायला त्याहून कमी लागतील. खाली हशा झाला, टाळ्याही झाल्या. काठीवाले आजोबा माझ्यानंतर उठले आणि म्हणाले, बाईंची गोष्ट सुंदर आहे, पण मी पेन्शनवर राहतो, माझा घराचा कर मी कशातून भरू? त्यालाही टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पिवळी कार्डं वर झाली, मोजणाऱ्यांनी रांगांमधून फिरून मोजली, विषय मंजूर झाला. पण करवाढीचं खरं मतदान जूनमध्ये, मतपेटीत. तिथे यायला रात्रीचे चार तास बसावं लागत नाही. तिथे आम्ही हरलो, शंभराच्या आतल्या मतांनी. जुलैपासून वाचनालयाच्या दारावर शनिवारी बंदची पाटी लागली.

दादाला फोन करून सांगितलं. फ्रँकलिन गावाची गोष्ट त्याला मी आधी सांगितली होती, आणि ती त्याला धर्माच्या पायापेक्षा जास्त आवडली होती.

"म्हणजे पुस्तकं गेली?"

"शनिवारची गेली."

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग शेवटी मिळालं काय? घंटा!"